पोरांच्या हातातले यंत्र



आज वर्गाला मंडळी बरीच जमली आहेत. ऊस तुटून गेला, हाताला थोडी सवड आहे. म्हणून आज धडा वाचायचा नाही. आज बोलायचे. विषय तुमच्या घरातलाच आहे. पोरांच्या हातातला मोबाइल.

आम्ही सारा जन्म शाळेत घालविला. पूर्वी बाप शाळेत येई तो म्हणे, "गुरुजी, पोरगं अभ्यास करीत नाही. जरा कान उपटा." आता पारावर भेटतो तो म्हणतो, "गुरुजी, पोरगं मोबाइल सोडीत नाही. कायतरी सांगा त्याला." आम्ही विचारतो, "बापू, तो मोबाइलवर करतो तरी काय?" बापू म्हणतो, "कुणाला ठाव! नुसतं बोट फिरवतंय."

गोम इथेच आहे. पोरगा औत धरतो तेव्हा तास वाकडा गेला की बापाला दिसते. पोरगी भाकरी थापते तेव्हा ती कुठे फाटली ते आईला दिसते. मोबाइलमध्ये मात्र आपल्याला डोकावता येत नाही. मग आपण एक तर ओरडतो, नाही तर सोडून देतो. दोन्हींनी काम होत नाही.

पोरे काय करतात, याची पाहणी झालेली आहे. 'प्रथम' नावाची संस्था 'असर' नावाची पाहणी करते. तिची माणसे खेड्यापाड्यांत घरोघर जातात, मुलांना वाचायला लावतात, गणिते घालतात. २०२४ साली त्यांनी १४ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना मोबाइलविषयीही विचारले. शंभरातल्या ८२ जणांनी सांगितले, आम्हाला तो चालविता येतो. अशा चालविता येणाऱ्या शंभरांपैकी ५७ जणांनी मागच्या आठवड्यात त्यावर काहीतरी अभ्यासाचे केले होते. आणि ७६ जण गप्पा, चित्रे, संदेश यांत गेले होते. म्हणजे पाहा, अभ्यासही होतो आणि उनाडकीही होते. शाळेच्या वाटेवर आपण काय वेगळे करीत होतो? चिंचा पाडीत होतोच की!

पण चिंचेचे झाड संध्याकाळी घरी येत नसे. हे यंत्र अंथरुणात येते. म्हणून वेळ ठरवावी लागते. कशी ठरवावी, ते सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाकडून शिकण्यासारखे आहे. कडेगाव तालुक्यातले हे गाव. २०२० साली करोनाची साथ आली, शाळा बंद झाल्या, शिकविणे मोबाइलवर आले. शाळा पुन्हा उघडल्या, पण पोरे मोबाइलला चिकटलेलीच राहिली. गावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ठरविले, रोज संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. भोंगा वाजला की दीड तास मोबाइल बंद, टीव्ही बंद. कुणासाठी? पोरांसाठीच नव्हे, साऱ्या घरासाठी. पहिल्यांदा पुरुष मंडळी हसली, म्हणाली हे कुठे जमायचे? मग बायकांना विचारले. त्या म्हणाल्या, आम्हीही मालिका फार बघतो, सगळ्यांचेच बंद करा. मग सुरुवातीला गावातली माणसे घरोघर फिरून आठवण देत.

आम्हाला यातली एकच गोष्ट मोलाची वाटते. बापाने मोबाइल खिशात घातला, तेव्हा पोराने खाली ठेवला. बाप स्वतः बातम्या बघत बसला आणि पोराला म्हणाला 'वाच', तर कोण वाचील?

आता दुसरी बाजू. मोबाइल काढून घेणे सोपे असते, आणि सोपे म्हणून तो आधी पोरीचा काढून घेतला जातो. त्याच पाहणीत पुढे लिहिले आहे. मोबाइल चालविता येणाऱ्या मुलांपैकी शंभरात ३६ जणांकडे स्वतःचा होता, मुलींपैकी शंभरात २७ जणींकडे. पोरीकडे मोबाइल दिसला की शेजारची कुजबुजते. पोराकडे दिसला तर कुणी काही बोलत नाही. ही आपली रीत आहे, आणि ती आम्हाला मुळीच पटत नाही.

गेल्या साली आमच्याच आळीत काय झाले ते ऐका. दहावी झालेली एक मुलगी. गुण चांगले. २०२५ सालापासून अकरावीचा प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाला आहे. म्हणजे अर्ज कागदावर नाही, यंत्रावर भरायचा. शेवटचा दिवस आला. मुलगी बाजाराच्या गावी केंद्रावर जाऊन बसली. अर्ज भरता भरता यंत्राने ओटीपी मागितला. ओटीपी म्हणजे गुप्त आकडा. तो दिलेल्या नंबरावर येतो आणि थोड्याच वेळात बाद होतो. नंबर दिला होता बापाचा. बाप रानात पाण्याच्या पाळीवर. मुलीला स्वतःचा मोबाइल नाही. भाऊ सातवीत, त्याला मात्र आहे!

तिने केंद्रातल्या मोबाइलवरून बापाला लावला. बाप म्हणाला, "कायतरी आलंया, पन मला काय वाचता येतंय?" दोनदा आकडा आला, दोनदा बाद झाला. तिसऱ्यांदा आई भाकरी घेऊन बांधावर पोचली होती. ही आई तीन महिने याच वर्गाला येत होती. तिने ओला हात पदराला पुसला, मोबाइल उन्हाआड धरला आणि एकेक आकडा वाचला. चार, शून्य, नऊ, दोन... सहाही आकडे बरोबर. अर्ज गेला. मुलगी आता विज्ञान शाखेत शिकते. ती माउली आज इथेच बसली आहे. तिचे नाव आम्ही घेत नाही, ती लाजते.

पण थांबा. आकडा सांगितला म्हणून काम झाले, हे खरे. तरी तोच आकडा भलत्याला सांगितला तर बँकेतले पैसे जातात. मग ओळखायचे कसे? खूण अशी. काम आपण काढले असेल, मागणारे माणूस आपले असेल आणि आवाज ओळखीचा असेल, तरच. "मी बँकेतून बोलतो, आलेला आकडा सांगा," असे कुणी म्हणाले तर मोबाइल बंद करावा. बँक असा आकडा कधी विचारीत नाही. पैसे गेलेच तर लाजून घरी बसू नये. १९३० हा नंबर लावावा, लगेच लावावा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात. हा नंबर भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. १९३०.

मुले यंत्र आपोआप शिकतात, असे तुम्ही म्हणता. ते बरेचसे खरे आहे. १९९९ साली दिल्लीत कालकाजी भागात सुगत मित्र नावाच्या शास्त्रज्ञांनी एका भिंतीला भोक पाडून त्यात संगणक बसविला. पलीकडे झोपडपट्टी होती. पोरांना कुणीच काही शिकविले नाही. तरी ती घोळक्याने जमली, एकमेकांना सांगत शिकली. पुढे असे संगणक देशात पुष्कळ ठिकाणी बसविले. आपल्या सिंधुदुर्गातल्या शिरगावातही एक बसविला होता. पण पुढचेही ऐका. तिकडे उत्तराखंडात अल्मोड्याकडे अशाच जागा काही वर्षांनी एका अभ्यासक बाईंनी जाऊन पाहिल्या. तिथे संगणक उरले नव्हते, लोकांना त्यांची फारशी आठवणही नव्हती. बी आपोआप उगवते, पण खुरपायला माणूस लागतोच.

आणि मोबाइल नुसता घेण्यासाठी नसतो. त्यातून देताही येते. ही गोष्ट पोरांच्या मनात भरली की त्यांचे बोट फिरायचे थांबते, डोके चालू लागते.

जात्यावरच्या ओव्या तुम्हाला ठाऊक आहेत. इथल्या कितीतरी आज्यांना पाठ आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी गी पॉइटवां यांनी कित्येक वर्षे खपून अशा १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून. त्या दोघांमागे आता त्या ओव्या 'पारी' नावाच्या संस्थेने २०१७ सालापासून मोबाइलवर ऐकायला ठेवल्या आहेत. दळणारी बाई गाताना दिसते, खाली शब्द वाचता येतात. पुस्तक न पाहिलेल्या बायांनी रचलेले हे काव्य आज परदेशातली माणसे ऐकतात.

ते ऐकून आमच्या गावच्या एका नववीतल्या पोराने आपल्या आजीच्या ओव्या मोबाइलमध्ये भरायला घेतल्या. आजी म्हणाली, "माझा आवाज त्यात कोंडला का रं?" पोराला निम्मे शब्द कळेनात. खुंटा म्हणजे काय, वैरण घालणे म्हणजे काय? तो विचारू लागला, वहीत लिहू लागला. शाळेत एक निबंध दोन तास न लिहिणारे हे पोर! चाळीस ओव्या झाल्या. मग आजीने बजावले, "समद्या फिरव, पन ती नणंदेची ओवी भाईर काढू नगं. नणंद अजून जित्ती हाय." पोराने ती काढून टाकली. दुसऱ्याची वस्तू बाहेर नेण्याआधी विचारावे, हा धडा आम्ही शाळेत शिकवूनही पोरांना लागला नव्हता. आजीने एका वाक्यात शिकविला.

तसाच विकिपीडिया. हा एक मोठा ज्ञानकोश आहे, मराठीत तो २००३ सालापासून आहे. त्यात कुणीही लिहू शकतो. पुष्कळ गावांची माहिती तिथे दोन-चार ओळींतच आहे. मोठी मुले ती वाढवू शकतात. मात्र 'आजी सांगते' एवढे तिथे चालत नाही. छापील आधार दाखवावा लागतो. खोटे लिहिले तर दुसरा येऊन पुसतो, आणि कुणी काय बदलले त्याची नोंद राहते. तलाठ्याच्या दप्तरासारखेच म्हणा ना.

खोट्यावरून एक जड गोष्ट सांगतो. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मोबाइलवरून आवई फिरत होती की, पोरे पळविणारी टोळी आली आहे. त्या दिवशी तिथे पाच माणसे आली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी. लोकांनी त्यांनाच टोळी समजून मारले. पाचही गेली. त्यांनी कुणाचे पोर पळविले नव्हते. संदेश कुणी लिहिला, कुठून आला, हे पुढे पाठविणाऱ्यांपैकी कुणीच विचारले नाही. त्यानंतर व्हॉट्सॲपने एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी संदेश पुढे पाठविता येऊ नये, अशी अट आपल्या देशात घातली.

तुम्ही आता वाचता. म्हणून तुमच्यावर जास्त भार आहे. संदेशाच्या डोक्यावर दोन बाण दिसले, तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलेला असतो. गाव कोणते, तारीख कोणती, सांगणारा कोण, हे त्यात नसेल तर पुढे पाठवू नका. पोरांनाही विचारा, "हे तू पाहिलंस का, का नुसतं आलं म्हणून पाठवलंस?" रागे भरू नका, पण विचारा. आणि त्यांनी तुम्हाला तसेच विचारले तर त्याचाही राग धरू नका.

पुढच्या गुरुवारी वर्गात ओव्या भरायच्या आहेत. ज्यांना येतात त्यांनी यावे. नववी-दहावीच्या मुलामुलींना आणावे, मुलींना विशेष करून. मोबाइल घरून चार्ज करून आणा, कारण वर्गात वीज सात वाजता जाते. जाते शाळेच्या मागच्या खोलीत आहे. त्याचा खुंटा ढिला झाला आहे, सुतारांना निरोप दिला आहे.