पिकाचे उत्पादन मोजतात कसे आणि वर्तवतात कसे?

(रब्बी हंगामापूर्वी भरलेल्या शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



कर्जत-जामखेडकडचा जाणता शेतकरी ज्वारीच्या बांधावर उभा राहतो, दोन ताटे वाकवून कणसे पाहतो आणि "औंदा एकरी तीन पोती होतील" असे सांगतो. ताटाची जाडी, कणसाचा भराव, रानातील ओल आणि मागच्या वर्षांची आठवण यांवरून केलेला तो अंदाज असतो आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. परंतु शासनाला, बँकेला आणि विमा कंपनीला बांधावरचा अंदाज चालत नाही, त्यांना आकडा लागतो. तो आकडा कसा निघतो हे आपल्याला ठाऊक नसेल तर त्यात झालेली चूकही आपल्या लक्षात येत नाही. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

पूर्वी आणेवारी होती. चांगले पीक सोळा आणे धरून गावचे पीक किती आणे आले ते नजरेने ठरवीत. पुढे आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांच्या आत आलेले गाव टंचाईग्रस्त मानले जाऊ लागले. नजरेचा दोष असा की नजर पाहणाऱ्यागणिक बदलते. १९४० च्या दशकात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी डॉ. व्ही. जी. पानसे यांनी कृषी अनुसंधान परिषदेत काम करताना पीक कापणी प्रयोगाची पद्धत बसवली. गावे, शेते आणि शेतातील तुकडा हे सर्व चिठ्ठी टाकल्यासारखे, कोणाच्याही मर्जीविना निवडायचे, तेवढे पीक कापायचे, मळायचे आणि वजन करायचे. आजही देशभर हीच पद्धत आहे.

त्या काळी एक वाद झाला होता, तो आपल्या कामाचा आहे. प्रा. महालनोबिस बंगालमध्ये लहान तुकडे कापून अंदाज काढीत. सुखात्मे यांनी दाखवून दिले की तुकडा फार लहान घेतला तर उत्पादन वाजवीपेक्षा जास्त दिसते. कारण साधे आहे. कडेवरचे ताट आत की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आतच घेतो. तुकडा लहान तितकी आतल्या पिकाच्या मानाने कड जास्त, आणि चूकही जास्त.

आता ज्वारीचा प्रयोग पाहू. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून तक्त्यातील आकड्याप्रमाणे पावले मोजून जागा ठरवतात आणि १० मीटर लांब, ५ मीटर रुंद असा चौकोन आखतात. म्हणजे ५० चौरस मीटर, आपल्या भाषेत जवळपास अर्धा गुंठा. तेथे जितके किलो दाणे निघतील त्याला २०० ने गुणले की हेक्टरी उत्पादन मिळते, ८१ ने गुणले की एकरी.

समजा, जिरायत रानात त्या चौकोनातून ३ किलो वाळलेला दाणा निघाला. हेक्टरी ६०० किलो झाले. आता समजा, दोरी सैल राहिली, खुंट्या काटकोनात बसल्या नाहीत आणि चौकोन साडेदहा बाय साडेपाच मीटरचा झाला. अर्धा मीटर म्हणजे सुमारे दोन वीत. कोणाच्या ध्यानातही येणार नाही. पण क्षेत्र ५७.७५ चौरस मीटर झाले, दाणा ३ किलो ४६५ ग्रॅम भरला आणि हिशेबात उत्पादन ६९३ किलो आले. मंडळाचे उंबरठा उत्पादन ७०० किलो आणि विमा संरक्षण हेक्टरी ३०,००० रुपये असे धरा. बरोबर मोजणीने तूट सुमारे १४.३ टक्के, भरपाई ४,२८६ रुपये. सैल दोरीने तूट एक टक्का, भरपाई ३०० रुपये. एका प्रयोगाची चूक सरासरीत काही अंशी विरघळते हे खरे. परंतु मंडळात एका पिकाचे प्रयोग असतातच थोडे, आणि सगळीकडे दोरी सैल असेल तर विरघळणार काय?

राज्यात २०२५ च्या खरिपापासून एक रुपयातील विमा बंद होऊन भरपाई पीक कापणी प्रयोगातून येणाऱ्या उत्पादनावर ठरू लागली. त्यामुळे या दोरीचे मोल वाढले आहे. प्रयोगाच्या दिवशी "साहेब आले, कापून गेले" असे सांगणारे शेतकरी मला पुष्कळ भेटतात. तुम्ही कोठे होता असे विचारले की उत्तर मिळत नाही. बंधूंनो, बाजार एक दिवस राहिला तर चालेल. फीत धरायला माणूस लागतो, तो आपण व्हावे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वजन कमी दाखवा, असा आग्रह काही गावांत होतो. उंबरठा उत्पादन मागील सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून काढतात. दोन वाईट वर्षे गळतात, तिसरे गळत नाही. खोटे कमी उत्पादन वारंवार नोंदवले की उंबरठा खाली येतो आणि खऱ्या दुष्काळात हाती काही लागत नाही.

"आता उपग्रह आहेत, मग कापणी कशाला?" असा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. उपग्रह काय पाहतो ते समजून घेऊ. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परतवते. या दोहोंतील फरकावरून हिरवेपणाचा निर्देशांक निघतो. युरोपच्या सेंटिनल-२ उपग्रहांचा एक ठिपका १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा असतो. हिरवेपणावरून पिकाने किती ऊन अडवले ते समजते. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ मॉन्टिथ यांनी १९७७ साली दाखवले की निरोगी पिकात तयार होणारा सुका माल अडवलेल्या उन्हाच्या प्रमाणात असतो. त्यांच्याकडील पिकांत एक मेगाज्यूल उन्हामागे सुमारे १.४ ग्रॅम. याच विचारावर आज साऱ्या पृथ्वीवरील वनस्पतींच्या उत्पादनाचे नकाशे तयार होतात.

जमिनीचेच नव्हे, समुद्राचेही. समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म वनस्पती तरंगतात. पाण्याच्या रंगावरून त्यांतील हरितद्रव्य मोजता येते. आपल्या देशाने त्यासाठी १९९९ साली ओशनसॅट-१ सोडला. हैदराबादचे महासागर माहिती सेवा केंद्र हा रंग आणि पाण्याचे तापमान पाहून कोकणातील मच्छीमारांना मासे कोठे मिळतील ते कळवते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पृथ्वीवरील वनस्पती वर्षाला सुमारे १०५ अब्ज टन कर्ब बांधतात आणि त्यातील निम्म्याहून थोडा कमी वाटा समुद्राचा आहे, असा हिशेब निघाला. गंमत अशी की समुद्रातील या वनस्पतींचे एका वेळचे वजन जमिनीवरील वनस्पतींच्या एक टक्काही नसते. त्या काही दिवसांत वाढतात आणि खाल्ल्या जातात. पारनेरच्या माळावर मेंढरे बसली की गवत खुरटे दिसते, पण म्हणून माळ कमी पिकतो असे नाही. उभे किती आहे आणि वाढते किती आहे, या दोन वेगळ्या गोष्टी होत.

आपल्या ज्वारीतही असाच भेद आहे. उपग्रहाला हिरवा पाला दिसतो, कणसातला दाणा दिसत नाही. पीक फुलोऱ्यात असताना हिरवेगार होते, पुढे ओल संपली, खडखड्या आला, ताटे लोळली, तर हिरवेपणावरून बांधलेला अंदाज फसतो. खरिपात ढग आड येतात. उसासारख्या दाट पिकात निर्देशांक एका मर्यादेपुढे वाढतच नाही, मग एकरी चाळीस टन आणि साठ टन सारखेच दिसतात. म्हणून २०२३ च्या खरिपात केंद्राने विम्यात तंत्रज्ञानाचा अंदाज आणला तेव्हा तो भात आणि गहू या पिकांपुरता आणि किमान ३० टक्के वजनाने आणला. पुढील वर्षी सोयाबीन जोडले. उपग्रह तालुक्याची स्थिती लवकर सांगतो, हे त्याचे मोठे काम आहे. आपल्या गटातील दाणा सांगणे, हे माझ्या मते अजून त्याचे काम नव्हे.

आणखी एक. विम्याच्या हिशेबात फक्त दाणा येतो. आपल्या घरात मात्र कडबाही येतो, आणि गोठ्यात चार गाई असतील तर काही वर्षी तोच तारतो. त्याचे वजन दुसरे कोणी ठेवणार नाही, ते आपणच ठेवावे.

रब्बी ज्वारीचा अंदाज तर पेरणीपूर्वीच बांधता येतो, कारण हे पीक बहुतांशी साठलेल्या ओलीवर येते. एक मीटर खोल भारी काळी जमीन साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरते. एक-दीड फुटाची जमीन तिच्या निम्मेही धरत नाही. पाऊस उघडल्यावर वाफसा येताच लोखंडी सळई चार-पाच ठिकाणी दाबून पाहावी. जेथवर सहज जाते तेथवर ओल आहे. ओल उथळ असेल तर फुले अनुराधासारखा हलक्या जमिनीचा वाण घ्यावा आणि रोपे विरळ ठेवावीत. खोल असेल तर फुले वसुधा.

काढणीच्या वेळी आपल्या शेतातही अर्धा गुंठा मोजावा. सर्वांत चांगली जागा निवडू नये. डोळे मिटून टाकलेला खडा पडेल तेथे पहिली खुंटी ठोकावी. बाजू १० आणि ५ मीटर घेऊन दोन्ही कर्ण फितीने मोजावेत. दोन्ही ११ मीटर १८ सेंटिमीटर भरले की कोपरे काटकोनात आले. ताटाचे बूड चौकोनात असेल तरच ते आत धरावे. कणसे वेगळी करून वाळवावीत, मळून दाण्याचे वजन करावे, कडबा वाळल्यावर त्याचेही करावे आणि दोन्ही आकडे पेरणीची तारीख, वाण व सळईची खोली यांच्यासह वहीत लिहावेत.