कातकरी वाडी सभेत कुठं बसते?



दावे भरायचं काम जोरात चाललंय. आपल्या पाड्यांचे अर्ज झाले. पण कातकरी वाडीचे किती झाले? सभेला ते आलेच तर मागं, दाराशी बसतात. कुणी "पुढं या" म्हणत नाय. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेऊन ते वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडाला परततात. आपण सभा घेतो उन्हाळ्यात, आपल्याला सवड असते म्हणून. नि वर म्हणतो, ते येतच नाहीत!

आपण त्यांना कातोडी म्हणून हिणवतो. अरे, खैराचा कात काढणारे ते कातोडी. जंगलातले जुनेच. बाजारात आपल्याला मागं लोटतात तेव्हा कसं वाटतं?

आता कायदा बघा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन कसत असला पाहिजे. कागद नसला तरी जागेवरचा बांध, झोपडी दाखवता येते, नि म्हाताऱ्यांचा लेखी जबाब पुरावा धरतात. पण तो दावेदाराचा स्वतःचा चालत नाय, दुसऱ्याचा लागतो. म्हणजे कातकरी कुठं नाचणी पेरत होता, हे आपल्या आज्यांनी सांगायचंय. आपण गप्प बसलो तर त्यांचा दावा बुडाला.

वनहक्क समिती 10 ते 15 जणांची असते, त्यात एक तृतीयांश बाया. जिथं निवडायची राहिलीय तिथं वाडीतला एक गडी नि एक बाई घेऊच.

पुढची सभा पहिल्या पावसानंतर, वाडीतच, त्यांच्या अंगणात. पाणी त्यांच्याच हंड्यातलं पिऊ. म्हाताऱ्यांना घेऊन या. जबाब लिहायला कागद आम्ही आणतो.