जाळी चकचकीत नको, भरवशाची हवी

 

थंडी पडली की आपल्या सोलापूर जिल्ह्यात हुरड्याचे दिवस येतात. आता शहरातून पाहुणे मुद्दाम शेतावर येतात आणि आपल्यासारखे गट त्यांच्या जेवणाचं काम घेतात. हुरड्याची कणसं थेट आगटीतल्या निखाऱ्यात जातात, त्यांना काही लागत नाही. पण भरताची वांगी, मक्याची कणसं, मिरच्या, टोमॅटो आणि पापड भाजायला निखाऱ्यावर जाळी लागते. आज त्या जाळीबद्दल बोलू.

आधी जुनी जाळी बघा. नुसता तांबूस गंज असेल तर घासून, तेल लावून ती चालते. पण गंजाचे पापुद्रे सुटत असतील, सळ्या झिजून बारीक झाल्या असतील, जोड निघाले असतील, तर ती भंगारात द्या. ते पापुद्रे वांग्याला चिकटून ताटात जातात.

आमच्या गटाची जाळी अशीच संपली, तेव्हा बैठकीत तीन सूचना आल्या. एक काकू म्हणाल्या, कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी उरली आहे, तीच कापून घेऊ. दुसरी म्हणाली, जुन्या पंख्याची जाळी घेऊ. तिसरीकडे बिघडलेल्या फ्रीजमधली मांडणी होती. तिन्ही फुकटात पडणार होत्या. पण तिन्हींना आम्ही नाही म्हटलं. का, ते सांगतो.

खुराड्याच्या जाळीवर बहुधा जस्ताचा मुलामा असतो. दुकानात तिला जीआय जाळी म्हणतात. पावसात गंजू नये म्हणून तो मुलामा असतो, विस्तवासाठी नव्हे. जस्त सुमारे 420 अंशांना वितळतं आणि फुललेला निखारा त्याहून जास्त तापतो. मग मुलामा सुटून अन्नाला लागतो. टोमॅटो, लिंबू, दही असं आंबट काही असेल तर जस्त आणखी उतरतं, आणि जास्त पोटात गेलं तर मळमळ, उलट्या होतात. जस्त जळून त्याचा धूर छातीत गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. वेल्डिंगच्या कामगारांना हा ताप ओळखीचा आहे. आपल्याकडे जाळीवर वाकून बसणारी बाई आपल्यातलीच असते, हे विसरू नका. पंख्याच्या जाळीला रंग किंवा चकचकीत मुलामा असतो. फ्रीजच्या जुन्या मांडणीवर तर कॅडमियम या विषारी धातूचाही मुलामा असू शकतो.

म्हणून दुकानात गेल्यावर भाव विचारण्याआधी विचारा : ही कशाची आहे, आणि वर काय लावलंय?

चालणाऱ्या जाळ्या तीन. पहिली बिडाची. ती उष्णता धरून ठेवते, वांगं सगळीकडून सारखं भाजतं. पण ती जड असते, आणि हातातून पडली किंवा तापलेली असताना गार पाणी पडलं तर तडकते. दुसरी स्टीलची, 304 नंबरची. ती सहज गंजत नाही, पण महाग पडते. 202 नंबरचं स्टील स्वस्त असतं, ते लवकर गंजतं. चुंबक लावून हे दोन ओळखता येत नाहीत, म्हणून नंबर पक्क्या पावतीवर लिहून घ्या. तिसरी साध्या लोखंडी गोल सळईची, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली. सळई गुळगुळीत आणि बिनरंगाची घ्या. बांधकामाच्या सळईला पीळ असतात, त्यांत खरकटं अडकून बसतं.

आम्ही तिसरी निवडली. वाकली तर ठोकून सरळ होते, जोड सुटला तर गावातच लागतो. पापडासाठी तेवढी बारीक जाळी स्टीलची घेतली.

आता कागद-पेन्सिल घ्या. माप शेगडीच्या आतून आणि बाहेरून घ्या. जाळी दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं टेकली पाहिजे. विटांमध्ये घट्ट ठोकून बसवू नका, लोखंड तापलं की थोडं वाढतं. दोन सळ्यांत एक सेंटिमीटर फट ठेवा, म्हणजे मिरची खाली पडत नाही.

लोखंडाचं वजन काढायला सोपा हिशोब आहे. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला तिनेच गुणा आणि 162 ने भागा. ते एका मीटरचं वजन किलोमध्ये. 6 मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे 222 ग्रॅम भरते, 8 मिलिमीटरची 395 ग्रॅम. 45 बाय 30 सेंटिमीटरच्या जाळीला चौकट 8 ची आणि आतल्या 27 सळ्या 6 च्या धरल्या, तर वजन साधारण 2 किलो 400 ग्रॅम होतं. त्या दिवशीचा लोखंडाचा भाव आणि मजुरी वेगवेगळी विचारा, म्हणजे गटाच्या वहीत काय लिहायचं ते स्पष्ट राहतं.

नवी लोखंडी जाळी आणली की लगेच वांगी ठेवू नका. साबणाने घासा, मोकळ्या जागी विस्तवावर चांगली तापवा, निवली की पुसून करडईच्या तेलाचा पातळ हात फिरवा आणि पुन्हा तापवा. असं तीन-चार वेळा केलं की काळी तकाकी चढते, मग गंज कमी धरतो. नंतर दर वेळी नारळाच्या शेंडीने घासा. तारेच्या ब्रशची तार तुटून अन्नात जाऊ शकते, ती घशात अडकते. हंगाम संपला की तेल लावून, फडक्यात गुंडाळून कोरड्या जागी टांगा.

पाहुणा जाळीकडे बघत नाही, तो आपल्या हातावर विश्वास ठेवून जेवतो. तो विश्वास थोड्या पैशांसाठी गमावू नका. येत्या बैठकीत विषय घ्या, आपापल्या जाळ्या उजेडात आणून बघा, आणि हिशोब करूनच नवी घ्या.

रामराम.