भाराभर चिंध्या

आपल्याकडे एक म्हण आहे: ‘एक ना धड, भाराभर चिंध्या.’ हाती घेतलेले एकही काम जो तडीस नेत नाही आणि रोज नवे काहीतरी मांडून बसतो, त्याला उद्देशून ही म्हण वापरतात. पण घरोघरी कान देऊन ऐकले, तर ती बहुधा एखाद्या बाईच्या वाट्याला आलेली दिसते. तिच्या ट्रंकेत एक अर्धी वाकळ असते. मॅटीच्या कापडावर फुली-टाक्याने भरायला घेतलेला मोर असतो, त्याची मान तेवढी झालेली असते. क्रोशाच्या तोरणाची दोन फुले असतात. शेजारणीचे बेतून ठेवलेले पोलके असते आणि भाचीच्या रुखवतासाठी आणलेल्या काचमण्यांची पुडी असते. घरातला कोणीतरी ट्रंक उघडतो, हे सगळे पाहतो आणि हसून ती म्हण म्हणतो.

आज मला या बाईची बाजू मांडायची आहे. आणि पहिला मुद्दा हाच की म्हणीतल्या त्या भाराभर चिंध्यांचीच वाकळ होते. चिंध्या जमवल्याशिवाय वाकळ शिवता येत नाही. तेव्हा चिंध्या असणे हा काही गुन्हा नव्हे. त्यांना टाका कधी आणि कसा पडावा, एवढाच प्रश्न आहे.

आपला बुलढाणा जिल्हा कापसाचा. घाटावर आणि घाटाखाली पिके थोडी वेगळी, बोलीही थोडी वेगळी. अलीकडे सोयाबीनने पुष्कळ रान व्यापले आहे, हेही खरे. तरी खामगावच्या कापूसबाजाराचे नाव गेल्या दीडशे वर्षांत दूरवर पोचले होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या शेतातली रुई बोटीत बसून विलायतेला जायची आणि तिचे कापड होऊन परत यायचे. ज्या घरातून कापूस गेला, त्याच घरात धोतर फाटले की ते टाकवत नसे. त्याचे आधी पंचे होत, मग लंगोट, मग लेकराचे दुपटे, आणि शेवटी उरलेले तुकडे वाकळीच्या थरात जात. जुने लुगडे वर, जुने लुगडे खाली, मध्ये चिंध्यांचा थर आणि त्यावर धावदोरा. ही आपली वाकळ. कोणी गोधडी म्हणतात, घाटाखाली कोणी वाकय म्हणतात. बंगालची कांथा याच जातीची, बिहारची सुजनी याच जातीची, आणि दूर जपानातील खेड्यांतही शेतकऱ्यांच्या बायका जुन्या निळ्या कापडाचे थर असेच धावदोऱ्याने जोडत असत. गरिबीने जगभर एकच टाका शिकवला, असे म्हणायला हरकत नाही.

फुली-टाका हाही काही साहेबाच्या मडमेने आणलेला नवा टाका नव्हे. कर्नाटकातील कशिद्यात, ज्याला कसुती म्हणतात, धागे मोजून भरायचे चार प्रकार आहेत: गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. यांतला मेंथी म्हणजे आपला फुली-टाकाच. सीमेकडच्या भागांतील बायका इरकली लुगड्याच्या पदरावर ही कसुती पिढ्यान्‌पिढ्या भरीत आल्या. आपल्या जिल्ह्यातील बंजारा तांड्यांत जुन्या बायांच्या पेटीत आजही एखादी फेटिया किंवा कांचळी सापडते. तिच्यावरची आरसे, कवड्या आणि टाक्यांची गर्दी पाहिली की डोळा ठरत नाही. त्यांच्याच नात्यातील, कर्नाटकातील संदूरच्या लंबाणी भरतकामाला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे सरकारदरबारीही ही ‘चिंध्यांची हौस’ मोलाची ठरली.

आता मोलाचा विषय निघालाच आहे, तर थोडा हिशेब करू. शिक्षकबंधू ऐकत असतील, त्यांनी खडू हाती घ्यावा. सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद अशी एक वाकळ घ्या. म्हणजे लांबी ७२ इंच, रुंदी ५४ इंच. दोन ओळींत अर्धा इंच अंतर ठेवले, तर ओळी झाल्या १०८. प्रत्येक ओळ ७२ इंचांची, म्हणजे एकंदर धाव ७,७७६ इंचांची. सुमारे दोनशे मीटर. इंचाला तीन टाके धरले, तर टाके झाले २३,३२८. सराईत हात मिनिटाला वीस टाके घालतो असे धरू. तरी नुसत्या टाक्यांना साडेएकोणीस तास लागले. तुकडे जुळवणे, थर पसरणे, कडा दुमडणे हे वेगळेच. आठ तासांचा एक रोज धरला, तर हा जवळजवळ अडीच रोज.

आता फुली-टाका घ्या. इंचाला चौदा घरे असलेल्या कापडावर सहा इंच बाय सहा इंचांची, पूर्ण भरलेली चौकट करायची आहे. घरे झाली चौऱ्याऐंशी गुणिले चौऱ्याऐंशी, म्हणजे ७,०५६. प्रत्येक फुलीला दोन टाके, म्हणून टाके १४,११२. घरे मोजत मिनिटाला दहा टाके पडले तरी साडेतेवीस तास लागतात. गंमत पाहा: हाताच्या पंजाएवढ्या मोराला अख्ख्या वाकळीहून जास्त वेळ लागतो! रुखवतात तो मोर मांडला की पाहुणे क्षणभर थांबतात, ‘छान आहे’ म्हणतात आणि लाडवांकडे वळतात. त्यांना दोष नको. पण ज्या घरात असा मोर अर्धा पडला आहे, तिथे ‘एवढेसे काम होत नाही का?’ असे विचारण्यापूर्वी हा गुणाकार आठवावा.

मग हे तास बाईने आणायचे कोठून? पहाटेपासून पाणी, चूल, जनावरे, लेकरांची शाळा आणि शेत. सलग चार तास तिला वर्षातून एकदाही मिळत नाहीत. तिला मिळतात ते तुकडे. दहा मिनिटे इथे, अर्धा तास तिथे. म्हणून अनेक कामे एकदम हाती असणे हा तिचा चंचलपणा नव्हे, ती तिच्या दिवसाची रीत आहे. जसा वेळाचा तुकडा मिळेल, त्या मापाचे काम त्यावर बसवायचे. वाकळीत तरी दुसरे काय करतो आपण?

जुन्या बायकांना हे न सांगता कळत होते. आपल्याकडे सोयाबीन निघण्यापासून कापूस वेचण्यापर्यंत, म्हणजे दसऱ्यापासून संक्रांतीच्याही पुढे, हाताला सुई लागणे कठीण. तेव्हा फार तर तुटलेली गुंडी आणि उसवलेली शिवण. उन्हाळ्यात रान रिकामे होते, कापडे धुऊन कडक उन्हात वाळतात, अंगणात चौघी एकत्र बसू शकतात. तो वाकळीचा हंगाम. लग्नसराई जवळ आली की रुखवत. आणि घरात पहिलटकरीण आली की सगळे बाजूला सारून झबली-टोपडी.

हीच रीत दिवसालाही लावता येते. माझ्या मते घरच्या हातकामाचे तीन वर्ग करावेत. पहिले उजेडाचे काम: फुली-टाका, काज, रफू, मण्यांचे तोरण. याला मोजणी लागते, नजर लागते. ते दिवसाच्या उजेडात दाराशी बसून करावे. उजव्या हाताने शिवणाऱ्याने उजेड डाव्या खांद्यावरून घ्यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. दुसरे गप्पांचे काम: वाकळीचा धावदोरा, कडा दुमडणे. यात हात चालतो आणि तोंडही चालते. तिसरे संध्याकाळचे काम: क्रोशाचे किंवा लोकरीचे सवयीचे विणकाम, जे बोटांना पाठ असते. एका वर्गात एकच काम हाती ठेवावे. म्हणजे तीन कामे झाली. चौथे काढायचे तर तिन्हींपैकी एक संपवून काढावे. आणि ज्या कामाला तारीख आहे, मग ते शेजारणीचे पोलके असो की भाचीचे रुखवत, त्याला दिवसातला पहिला मोकळा तुकडा द्यावा. बिनतारखेच्या कामाने तारखेच्या कामाचा वेळ खाल्ला की घरात भांडण आणि दारात गिऱ्हाईक, दोन्ही एकदम उभी राहतात.

प्रत्येक कामाची पिशवी वेगळी असावी. तिच्यात त्याच कामाचा दोरा, सुई आणि एक चिठ्ठी. चिठ्ठीवर लिहावे: कितव्या ओळीवर थांबलो, दोऱ्याचा नंबर कोणता, फुलीचा वरचा टाका कोणत्या बाजूला झुकतो. फुलीचा वरचा टाका सगळीकडे एकाच दिशेला हवा. नाहीतर अर्धा मोर चमकतो आणि अर्धा मळका दिसतो. चार महिन्यांनी काम उघडल्यावर ही दिशा आठवत नाही आणि पुष्कळ कामे तिथेच कायमची थांबतात. लिहिता येत नसेल तर कापडाच्या कोपऱ्यात नमुन्याची एक फुली घालून ठेवावी. आणि सुया मोजून काढाव्यात, मोजून ठेवाव्यात. घरात रांगते लेकरू असेल तर हा नियम सगळ्यांच्या आधी.

आता एक घरची गोष्ट सांगतो. माझी आई घाटाखालची. तिच्या हातची वाकळ नात्यात नावाजलेली. पन्नाशी जवळ आली आणि तिने सुई खाली ठेवली. ट्रंकेत सहा कामे अर्धी राहिली. मी एकदा विचारले, ‘आई, वाकळ अर्धी काहून ठेवली?’ ती म्हणाली, ‘आता मन नाही लागत रे बाप्पा.’ आम्ही ते खरे मानले. वयाने माणसाचे मन उडते, असे समजून गप्प बसलो. नऊ वर्षे गेली. मग माझी चाळिशी आली आणि वाचायचा चष्मा लागला. एक दिवस मी तो ओट्यावर विसरलो. तिने सहज डोळ्यांना लावून पाहिला, सुई-दोरा मागितला आणि पहिल्याच खेपेला दोरा नेढ्यात गेला. ती सुईकडे पाहतच राहिली. म्हणाली, ‘मले वाटे, आताच्या सुयाच बारीक निंघतात.’

श्रोतेहो, तिचे मन उडाले नव्हते. तिला नेढे दिसत नव्हते. आणि मी, पुस्तके वाचून पोट भरणारा माणूस, हे नऊ वर्षांत एकदाही विचारू शकलो नाही.

यात रोग कसलाच नाही. डोळ्यातले भिंग वयाबरोबर ताठर होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास जवळचे दिसणे अवघड होऊ लागते. हे बाईलाही होते आणि पुरुषालाही होते. पण पुरुषाला पोथी, वर्तमानपत्र किंवा पावती वाचता येईना की चष्मा येतो. बाईला सुई ओवता येईना की काम सुटते. आसामातील चहाच्या मळ्यांवर चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचा चष्मा देऊन केलेली एक पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत चष्मा मिळालेल्यांची पाने खुडण्याची गती सुमारे एक पंचमांशाने अधिक वाढली. पानांची ही गोष्ट, तर टाक्यांची काय असेल? म्हणून ज्या घरात चाळिशीपुढची बाई ‘आता नको’ म्हणते आहे, तिथे आधी तिचे डोळे तपासून घ्यावेत. तपासणी मात्र जाणत्याकडूनच व्हावी, कारण मोतीबिंदू किंवा मधुमेहाने झालेला दोष नुसत्या चष्म्याने जात नाही. तपासताना सांगावे की शिवण कितक्या अंतरावर धरून करते.

शेवटी दोन शब्द शिक्षकांसाठी. १९३७ साली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि झाकीर हुसेन समितीने पुढे जी योजना आखली, तिचा गाभा हाच होता की हातकाम हे शिक्षणाचे साधन आहे. मघाचा वाकळीचा हिशेब आठवा: क्षेत्रफळ, गुणाकार, मापे, मजुरी, सगळे एका चिंधीत आले. वर्गात मुलींबरोबर मुलांच्याही हातात सुई द्या. नामदेव महाराज शिंप्याच्या कुळातले; आपल्या गावचा शिंपी पुरुषच होता. सुईला स्त्री-पुरुष कळत नाही. स्वतःची गुंडी लावणारा मुलगा उद्या आपल्या घरातल्या अर्ध्या मोराला हसणार नाही. तो म्हणेल, ‘आज भाकरीचे मी पाहतो, तू दोन ओळी काढ.’

माझ्या आईची ती वाकळ गेल्या उन्हाळ्यात पुरी झाली. उरलेल्या पाच कामांपैकी दोन तिने स्वतःच मोडीत काढली. म्हणाली, त्यांचा काळ गेला. हेही शिकण्यासारखे आहे. सगळेच तडीस गेले पाहिजे असे नाही. पण सोडायचे ते आपण सोडावे, डोळ्यांनी सोडायला लावू नये.