प्लॅस्टिक आणि बालकांचा रक्तदाब

काही प्लॅस्टिकांना मऊपणा आणणारी थॅलेट नावाची जी द्रव्ये आहेत, ती प्लॅस्टिकशी रासायनिक बंधाने जखडलेली नसल्यामुळे तेलकट वा ऊन अन्नात हळूहळू उतरतात. न्यूयॉर्क विद्यापीठाचे लिओनार्डो ट्रसांडे प्रभृती संशोधकांनी राष्ट्रीय आरोग्य-पाहणीचे दप्तर तपासून २०१३ साली असे दाखविले, की ६ ते १९ वर्षे वयाच्या ज्या अमेरिकन मुलांच्या लघवीत डीईएचपी या थॅलेटचे अवशेष अधिक, त्यांचा वरचा रक्तदाबही किंचित अधिक होता. हा केवळ सहसंबंध आहे, कार्यकारणाचा पुरावा नव्हे. तथापि बालपणीचा चढा रक्तदाब प्रौढपणीही पाठ सोडीलच असे नसल्याने, खाणावळीतली ऊन आमटी पिशवीत बांधून न घेता स्टीलच्या डब्यात आणावी, एवढी खबरदारी सर्वांच्याच अखत्यारीतली आहे.