आर्चबिशपच्या घरचा पाहुणा



तुम्ही समाजकार्याची पदवी घेऊन बाहेर पडताय, म्हणून आज एका घराबद्दल बोलतो. हे घर बांगीतलं. उबांगी नदीकाठचं बांगी ही मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकाची राजधानी. मार्च 2013 मध्ये सेलेका बंडखोरांनी ती घेतली आणि राष्ट्राध्यक्ष बोझिझे पळून गेले. सांगो भाषेत सेलेका म्हणजे युती. तिच्यात भरणा मुस्लिमांचा होता. या लोकांनी गावंच्या गावं लुटली. त्यांच्याविरुद्ध अँटी-बलाका टोळ्या उठल्या, त्यांत बहुतेक ख्रिस्ती आणि आपापली जुनी दैवतं मानणारे. पण सूड निघाला तो साध्या मुस्लिम दुकानदारांवर आणि गुराख्यांवर. 5 डिसेंबर 2013 ला या टोळ्या बांगीत घुसल्या. काही दिवसांतच विमानतळाच्या आवारात लाखभर माणसं मिळेल त्या आडोशाला राहायला आली.

त्याच दिवसांत इमाम ओमार कोबीन लायामा आपलं कुटुंब घेऊन आर्चबिशप दियुदोने न्झापालाइंगा यांच्या घरी गेले. एका रात्रीपुरते नाही, कित्येक महिने राहिले.

मी या घरात मनाने पुष्कळ वेळा जाऊन आलोय. पहाटे वजूचं पाणी कोण काढून ठेवत असेल? स्वयंपाकघरात काय शिजत असेल, काय शिजायचं बंद झालं असेल? पाहुणा चार दिवसांचा असला की आपण कपाटातली चांगली चादर काढतो. तो महिनोन्‌महिने राहिला, बाहेर त्याच्या जिवावर उठलेले लोक आपल्याच धर्माचं नाव सांगत फिरत असले, तर चादरीचा प्रश्न उरत नाही. रोज सकाळी दार उघडायचं की नाही, एवढाच उरतो.

या दोघांच्या जोडीला तिसरे होते, इव्हँजेलिकल चर्चचे पास्टर निकोला गेरेकोयामे-ग्बांगू. सेलेकाच्या राजवटीत त्यांना अटकही झाली होती. बंडखोर राजधानीकडे सरकत होते तेव्हाच हे तिघे एकत्र आले. पुढे गावोगावी बरोबर जायचं, आपापल्या माणसांसमोर उभं राहायचं, असा त्यांचा क्रम झाला. आपल्याकडचं सर्वधर्म व्यासपीठ तुम्ही पाहिलंय. समई, शाल-श्रीफळ, तीन प्रार्थना, मग चहा. मीही अशा व्यासपीठांवर बसलोय, चहाही प्यायलोय, तेव्हा टीका जपूनच करतो. पण दंगलीच्या रात्री त्यातला कोण कुणाच्या घरी झोपला, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

हे धर्मयुद्ध नाही, हे सत्तेचं आणि हिऱ्यांच्या खाणींचं भांडण आहे, असं तिघे सतत सांगत. खरं सांगायचं तर पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ती पळवाट वाटली. कोयता उगारणाऱ्याला खाणींचं राजकारण कुठं ठाऊक असतं? मग त्या घराचा विचार केला. धर्मयुद्ध आहे असं एकदा मान्य केलं, की त्या घरातला इमाम शत्रू ठरतो आणि त्याला बाहेर काढणं भाग पडतं. तो आत राहिला, म्हणून बाहेर जाऊन ते वाक्य बोलता आलं.

त्यांना हत्या थांबवता आल्या, असं मी म्हणणार नाही. 2014 च्या सुरुवातीला मुस्लिम ट्रकच्या ताफ्यांतून चाड आणि कॅमेरूनकडे निघून गेले. बांगीत जे उरले ते मुख्यतः पीके-5 या वस्तीत कोंडले गेले. पोप फ्रान्सिस नोव्हेंबर 2015 मध्ये तिथल्या मशिदीत गेले, त्याची बातमी जगभर झाली. 1 मे 2018 ला बांगीतल्याच फातिमा चर्चवर हल्ला झाला, त्यात एक पाद्री आणि कितीतरी भाविक मेले. पण बोआली गावात एका पाद्रीने सुमारे 700 मुस्लिमांना चर्चमध्ये आसरा दिला होता. बांगासूमध्ये 2017 साली शेकडो मुस्लिम कुटुंबं कॅथलिक सेमिनरीच्या आवारात राहिली.

उद्या तुम्हाला पहिल्या नोकरीत मासिक अहवालाचा छापील नमुना देतील. बैठका किती, उपस्थिती किती, पत्रकं किती. त्यात बोआलीचे 700 जण कुठल्या रकान्यात बसवायचे, हे मला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही. तुम्हाला सुचलं तर मला पोस्टकार्ड टाका. हो, पोस्टकार्डच, मी जुन्या वळणाचा माणूस आहे.

2015 मध्ये तिघांना सर्जिओ व्हिएरा दी मेलो पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी न्झापालाइंगा कार्डिनल झाले, वयाच्या 49 व्या वर्षी. इमाम कोबीन नोव्हेंबर 2020 मध्ये वारले.