संक्रांत ते रथसप्तमी

माझ्या धंद्याचा हिशेब वहीत कमी आणि भिंतीवरच्या पंचांगात जास्त असतो, असं आमच्या घरी हसून म्हणतात. ते काही खोटं नाही. मी हलव्याचे दागिने करते.

पुणे-नाशिक रस्त्यानं मोशी सोडून इंद्रायणीचा पूल ओलांडला, चिंबळी फाटा मागं टाकला, की आमचं कुरुळी. पुढं चाकण. कंपन्या आल्या, तशा भाड्याच्या खोल्या वाढल्या आणि नवीन लग्न झालेली जोडपी राहायला आली. बीडची, लातूरची, बुलढाण्याची. पहिली संक्रांत आली, की या मुलींच्या सासूबाई गावाकडून फोन करतात, "काळी साडी घेतलीस ना? आणि हलव्याचे दागिने?" मग शोध घेत घेत मुलगी माझ्या दारात येते. वर्षातले नऊ-दहा महिने मी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. नोव्हेंबर लागला, की मशीनवर कापड टाकून ठेवते.

हलवा कसा होतो, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घ्यायचा. खाली अगदी मंद आच. वरून साखरेचा पाक चमचा-चमचा घालत बोटांनी सारखा हलवत राहायचं. पाक दाण्यावर सुकत जातो आणि हळूहळू काटा फुटतो. हवा कोरडी आणि गार असेल, तर काटा सुरेख येतो. ढग आले, की दाणा गुळगुळीतच राहतो. तीन-तीन दिवस जातात यात. माझ्या सासूबाई घरी करायच्या. मी मात्र बराचसा हलवा विकत आणते, लपवत नाही. माझं खरं काम त्यापुढचं. दाणा सुईनं टोचला तर फुटतो, म्हणून तो दोऱ्याच्या फासात अडकवून गाठ मारायची. एकेका दाण्याला एकेक गाठ. मंगळसूत्र, बांगड्या, बाजूबंद, नथ, कमरपट्टा, आणि जावईबापूंसाठी हार, अंगठी आणि सजवलेला नारळ. एका सेटला एका बाईचे सहा-सात तास जातात. तयार सेटचे डबे आम्ही पाण्याच्या परातीत उभे करतो, नाहीतर रात्रीतून मुंग्या आपली संक्रांत साजरी करतात.

तर पंचांगाकडे येते. संक्रांत सूर्यावर चालते, म्हणून ती १४ किंवा १५ जानेवारीलाच येते. पण हळदीकुंकू आणि लहान मुलांचं बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं, आणि रथसप्तमी म्हणजे माघ शुद्ध सप्तमी, ती चंद्रावर चालते. चांद्रवर्ष अकरा दिवसांनी लहान, त्यामुळं ती दरवर्षी अलीकडे सरकते आणि अधिक महिना येऊन गेला, की उडी मारून पुढं जाते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. म्हणून २०२४ ची रथसप्तमी थेट १६ फेब्रुवारीला आली. १५ जानेवारीपासून मोजले, तर विक्रीला ३३ दिवस! त्या वर्षी मी ११० सेट केले आणि एकही उरला नाही. डोक्यात हवा गेली, दुसरं काय.

पुढच्या हंगामासाठी मी १४० सेट करायला घेतले. जाऊबाई म्हणाल्या होत्या, "अगं, यंदा लग्नंच कुठं झाली?" त्यांचं बरोबर होतं. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू-शुक्राच्या अस्तामुळं पंचांगात लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नव्हतेच. लग्नं कमी, म्हणजे पहिली संक्रांत असलेल्या मुली कमी. शिवाय २०२५ ची रथसप्तमी ४ फेब्रुवारीला, म्हणजे दिवस २२. हे दोन्ही भिंतीवर छापलेलं होतं. मी पाहिलं नाही.

४४ सेट उरले. साडी उरली तर पुढच्या वर्षी विकता येते. हलवा पावसाळा काढत नाही, साखर ओल धरते आणि सगळं चिकट होतं. पण माल गेला याचं मला तितकं वाटलं नाही. माझ्याकडे शेजारच्या चाळीतल्या पाच बायका गाठी मारायला येत होत्या, सेटमागं २५० रुपयांवर. मी त्यांना सांगितलं होतं, विकलं की पैसे. त्यात तेव्हा मला काही वावगं वाटलं नव्हतं, सगळे असंच करतात. आता ४४ सेटचे ११,००० रुपये मी द्यायची होते आणि हातात नव्हते. त्यातल्या एकीच्या नवऱ्याचं कंत्राट डिसेंबरात संपलेलं. तिनं एकदाही पैसे मागितले नाहीत. एका सकाळी दोऱ्याचं रीळ आणि कात्री माझ्या उंबऱ्यावर ठेवून न बोलता निघून गेली. मागितले असते, भांडली असती, तर मला सोपं गेलं असतं.

नव्या पिको मशीनसाठी साठवलेले पैसे होते, ते काढले. तरी सगळ्यांचे फेडायला होळी आली. मालाचा अंदाज माझा, फायदा झाला असता तर तोही माझाच. मग तोटा त्यांच्या गाठींवर का टाकला, याचं उत्तर मला आजही देता येत नाही.

आता सेट हातात आला, की त्याच संध्याकाळी मजुरी, आणि ती ३००. त्यासाठी सेटचा भाव ९०० वरून १,१५० करावा लागला. गिऱ्हाइकं कुरकुरतात. बाजारात पांढऱ्या प्लॅस्टिकच्या मण्यांचे सेट मिळतात, स्वस्त आणि वर्षानुवर्षं टिकणारे. एक ताई म्हणाल्या, "तुमचे तर महिनाभरात मुंग्या खातील." म्हटलं, "हो ताई, खातील. आणि त्याआधी तुमचे दीर-नणंदा खातील." हसल्या आणि तरी घेतला नाही! असो.

२०२६ ला रथसप्तमी २५ जानेवारीला होती. दिवस फक्त १२. या वेळी नवरीचे सेट ६० वर थांबवले आणि बोरन्हाणाचे जास्त केले. मुकुट, बासरी, छोटा हार. दोन तासांत होतो, नासधूस झाली तरी कमी. रीळ ठेवून गेलेली ती बाई दिवाळीनंतर परत आली होती. मी बोलवायला गेले होते, पण लगेच नाही आली. आठवडाभरानं आली आणि आधी मजुरीचं नीट विचारून मगच बसली.

शेवटच्या रविवारी चाळीतली एक बिहारची मुलगी कडेवर बाळ घेऊन आली. त्यांच्याकडे संक्रांतीला तिळकूट, दही-चुडा असतो. हे दागिने नसतात. शेजारच्या बाळाच्या डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे ओतताना तिनं पाहिलं होतं. "दीदी, हमारे बाबू का भी करना है, आज ही," म्हणाली. सेट एकच उरला होता, बासरी मोडलेला. आमच्या त्या बाईनं तिला बसवलं आणि बासरीला दाणे लावायला घेतले. बाळ तोवर मुकुटातले दाणे उपटून खात होतं.